माल्थाकाचा अष्टपाद

“हा मासा शिळा आहे,” माल्थाका म्हणाली.

तिबिओसने कुंचला उचलून वर पाहिलं. दुपारची भाकरी घेऊन आलेली ती त्याच्या खांद्यावरून ताटाकडे बघत उभी होती. ताटावर तीन मासे होते. पोटं मधल्या खळग्याकडे, पाठी काठाकडे, तारास या ग्रीक नगरात ताटांवर रंगवतात तसे.

“ताज्या माशाचा कल्ला असा मिटलेला नसतो. असला मासा मी कोळणीला तिथल्या तिथे परत देते.”

अर्खिपोसच्या कुंभारवाड्यात तो गुलाम म्हणून सव्वीस वर्षं ताटांवर मासे काढत होता. ज्यांच्या मेजवानीत आणि थडग्यात ही ताटं जात, त्यांच्यापैकी कुणाला हे दिसलं नव्हतं. त्याने पुन्हा पाहिलं. ती बरोबर होती. बाजूला पडलेलं तडकलेलं कच्चं ताट त्याने तिच्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, “मग काढून दाखव.”

माल्थाका घरातली स्वयंपाकाची दासी होती. वयाच्या सातव्या वर्षापासून मासे साफ करत आलेली. कुंचला तिने सुरीसारखा धरला, त्यावर तो हसला. पण कल्ला उमटला तो उघडा, ओला, आत्ता जाळ्यातून काढल्यासारखा. तो हसायचा थांबला.

त्याचं हसू थांबण्याला कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी अर्खिपोसने सगळ्यांसमोर शब्द दिला होता: तुझ्यासारखा हात या वाड्यात दुसऱ्या कुणाला आला, की तुला देवळात नेऊन चार माणसांदेखत गुलामीतून मोकळा करीन. मालकाचा पुतण्या शिकायला बसला आणि कंटाळून जहाजावर गेला. बाहेरून आणलेला एक रंगारी वर्षभरात निघून गेला. एकदा बरोबरी सोपी व्हावी म्हणून तिबिओसने मुद्दाम वाईट मासे काढून पाहिले. ते जास्तच खपले. पुढे घरात तो एक विनोदच होऊन बसला. काही बिघडलं की कुणीतरी म्हणायचं, तिबिओस सुटेल तेव्हा दुरुस्त करू. तोही हसायचा. पण रोज काम संपलं की तो फाटकापर्यंत जायचा, अडसरावर हात ठेवून जरा वेळ उभा राहायचा आणि परत यायचा.

आता दुपारी भाकरी ठेवली की माल्थाका थोडा वेळ कुंचला घेऊन बसायची. तांबोशी, कोळंबी, वीजमासा. अष्टपाद तिने शेवटी घेतला आणि डोक्यापासून न काढता पायाच्या टोकापासून काढला. पाय ताटाच्या काठाला असा बिलगला होता, की तिबिओसने नकळत आपलं बोट मागे घेतलं. ते ताट त्याने भट्टीत आपल्या ताटांमध्ये लावलं. भाजून निघालं की मालकाला दाखवायचं, असं त्याने ठरवलं होतं.

भट्टी थंड होत होती, तेव्हा माल्थाका धावतच आली. मालकाची मुलगी निकारेता लग्न होऊन शेजारच्या मेतापोंत नगरात जाणार होती आणि तिने सोबत माल्थाकाला मागून घेतलं होतं. मेतापोंतला माल्थाकाची मुलगी होती. पाच वर्षांपूर्वी विकलेली.

“दहाची झाली असेल,” ती म्हणाली. “ओळखेल का हो मला?”

तिबिओस भट्टीकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्याकडे बघता बघता तिची नजर भट्टीकडे गेली आणि तिला सगळं कळलं. चित्रं काढणारी दासी कोण सोडतं? मालकाने दिलेला शब्द तिलाही ठाऊक होता. तिने काहीच मागितलं नाही. पुढचे दोन दिवस ती भाकरी उंबऱ्यावर ठेवून, मान वर न करता निघून जायची. आपल्याला कुणी असं घाबरलेलं तिबिओसने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

भट्टी उघडली. अर्खिपोस एकेक ताट उन्हात धरून पाहत होता. अष्टपादापाशी तो थांबला. पाण्याचा घडा घेऊन माल्थाका तिथेच उभी होती.

“हा कुणी काढला?”

तिबिओसला फाटक दिसत होतं. गाढवं आत यायची होती म्हणून ते उघडं होतं. पलीकडे खाडीचं पाणी चमकत होतं.

“मीच,” तो म्हणाला.

“हात वेगळा वाटतो.”

“म्हातारा झालो, मालक. हात कापतो, मग वळण बदलतं.”

“कापू दे असाच,” अर्खिपोस खूश होऊन म्हणाला. “लग्नाला असे वीस हवेत.”

माल्थाकाने घडा खाली ठेवला. तिला तो नीट ठेवता आला नाही, पाणी सांडलं.

लग्नानंतर निघायच्या दिवशी ती त्याच्या कामाच्या छपरीत आली. दाराशीच उभी राहिली. मग म्हणाली, “उद्यापासून दुसरी बाई येईल. दात पडलेत तुमचे, भाकरी भिजवून द्यायची, असं सांगून ठेवलंय तिला.”

“बरं,” तो म्हणाला.

गाड्या गेल्या. लग्नातल्या पाहुण्यांनीही तसलीच ताटं मागितली होती. तिबिओसने नमुन्यासाठी ठेवलेलं तिचं ताट समोर भिंतीला टेकवलं आणि कच्चं ताट मांडीवर घेतलं. वीस अष्टपाद काढून झाले होते, पण तो पाय अजून साधत नव्हता. त्याने ओल्या फडक्याने रेष पुसली, कुंचला सुरीसारखा धरला आणि टोकापासून सुरुवात केली.