तेजरामच्या तसबिरीपुढचा दिवा

लांजीकडच्या एका गावात दर वीस ऑक्टोबरला शाळेच्या पटांगणात सभा भरे. बासष्टच्या चीनच्या लढाईत पडलेल्या जवानांची आठवण म्हणून. गावचा तेजराम त्या लढाईत कामी आला. त्याचा सोबती भोजराज बेपत्ता झाला, आणि सरकारी कागदात अजून तेच लिहिलेलं होतं.

तेजरामच्या तसबिरीला हार सरपंच घालायचे, भाषण प्रेमलाल गुरुजी करायचे आणि समई लावायची भोजराजची बायको दुर्गाबाई. का, तर दिवा लावायला सवाशीण हवी! तेजरामची विधवा सत्यभामा मागच्या रांगेत बसायची. आता तुम्हीच सांगा, गेलेल्यांच्या आठवणीत कसलं आलंय शुभ-अशुभ? पण सहा वर्षांत हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. तुमच्या-आमच्याही आलं नसतं.

सत्यभामेच्या पोटात मात्र दुखायचं. दुर्गाबाईचं ते ठसठशीत कुंकू, हातभर बांगड्या, हळदीकुंकवाची बोलावणी! दोघींचे नवरे एकाच गाडीने गेले आणि हिचं सगळं शाबूत कसं? ती मत्सराने जळत होती, आणि हे तिला कळतही होतं.

अडुसष्ट साली दुर्गाबाईने काडी ओढली आणि सत्यभामा ताडकन उभी राहिली.

"गुरुजी, हिच्या कुंकवाचा काय भरवसा? सहा वर्सं झाली. तोही मेलाच असन. मंग हे सवाशीण कायची?"

गुरुजी म्हणाले, "सत्यभामाबाई, खाली बसा."

"बसू नको, सत्यभामा," दुर्गाबाई काडी विझवत म्हणाली. "हौ, भरवसा नाही. तुले वाटते मी सुखात हाय? तुले तो गेल्याची तार आली, तू पोटभर रडली. मी रडली त सासू अपशकुन म्हणते. कडी वाजली का जीव दाराकडं धावते. सहा वर्सं मी तुयाच हेवा करून राह्यली."

आपला कोणी हेवा करत असेल, हे सत्यभामेला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दुर्गाबाई लोकांकडे वळली. "नवरा जिता का मेला, याच्यावर तुमी बाईची जागा ठरवता. म्हणून आमी दोघी एकमेकींवर जळून राह्यलो. तेजरामभाऊचा दिवा त्याची बायको सोडून मी काहून लावू?"

सरपंच रीतीबद्दल काही पुटपुटले. गुरुजींनी मान खाली घातली. "चूक माझीच. सत्यभामाबाई, पुढे या."

सत्यभामेने पुढे येऊन समई लावली. मग म्हणाली, "गुरुजी, भोजराजभाऊचंबी नाव घ्या. मेलेल्यात नोका घेऊ, अलग घ्या."

"भोजराज," गुरुजींनी पहिल्यांदाच ते नाव घेतलं, "अजून घरी आलेला नाही." तेव्हा साऱ्या गावासमोर दुर्गाबाई हमसून हमसून रडली, आणि सत्यभामेने तिला पोटाशी धरलं.

बंधुभगिनींनो, तसबिरीला हार आपण सगळेच घालतो. यंदा तो घालण्याआधी, त्या जवानाच्या घरची बाई कुठे बसली आहे तेवढं बघा. ती मागच्या रांगेत असेल, तर आपण अजून कोणाचीच आठवण केलेली नाही.