दाखल्यातली ती बाई एकटी का गेली

पाळकसाहेबांनी माझा धडा केराच्या टोपलीत टाकला आणि माझं डोकंच फिरलं. चर्चच्या रविवारच्या पुस्तिकेसाठी तीन आठवडे खपून लिहिला होता. विषय होता येशूने सांगितलेली बोधकथा, न्यायाधीशाचा पिच्छा पुरवणाऱ्या विधवेचा दाखला. मी स्पष्ट लिहिलं होतं की तो न्यायाधीश म्हणजे देव नव्हे. त्या काळी न्याय ओळखीवर आणि लाचेवर मिळायचा. बाईच्या वतीने घरातला पुरुष बोलायचा. ही स्वतः उभी राहिली, म्हणजे हिच्या मागे कोणीच नव्हतं. तरी ती घरात बसली नाही, रोज जाऊन तिने त्याला भंडावून सोडलं आणि न्याय मिळवला.

"लोकांच्या डोक्यात गोंधळ नको," पाळकसाहेब म्हणाले. त्यांनी माझाच दहा वर्षांपूर्वीचा धडा पुन्हा छापला. त्यात शेवटी चौकट होती: विधवा म्हणजे आपण, कोर्टात जाणं म्हणजे प्रार्थना करणं. खाली माझं नाव.

गुरुवारी तणतणतच ताईकडे गेलो. भावोजी गेल्यावर दिरांनी घराला कुलूप ठोकलं, तेव्हापासून ती भाड्याच्या खोलीत शिवणकाम करते. घराच्या दाव्याची तारीख आदल्याच दिवशी होती. ते माझ्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं.

"गेले नाही मी," ताई म्हणाली. "वकील फोन उचलेना. एकटीने जायचा धीर होईना. मग दिवसभर प्रार्थना केली. संध्याकाळी कळलं, घर त्यांना मिळालं."

मशीनवर पुस्तिका उघडी होती. चौकटीखाली पेन्सिलीने रेघ ओढलेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाळकसाहेबांच्या नावाने खडे फोडत मी तिला खरा अर्थ सांगू लागलो. ती कोर्टं, ते न्यायाधीश, सगळं. ताई सुईत दोरा ओवत होती.

"म्हणजे तिला कोणी नव्हतं, म्हणून ती एकटी गेली?"

"तेच तर सांगतोय मी."

"मला भाऊ आहे रे," ताई म्हणाली. "तारीख दोनदा सांगितली होती तुला. तू म्हणालास, आधी धडा होऊ दे."