बिनवाटेचा डोंगर

थर्माकोलवर नख ओढलं की किरकिर आवाज येतो आणि माझ्या अंगावर शहारा उठतो. आबांना मात्र तो ऐकूच येत नसावा. आबा म्हणजे माझे वडील. उभा जन्म त्यांनी धारूरच्या डोंगरात शेरडं चारली, आणि गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर यंदा कळप विकला. तेव्हापासून पायांतली सगळी भटकंती त्यांच्या बोटांत उतरली. चैत्राचं ऊन ओसरीवर सरकतं तसे तेही सरकत. उठत, दारापर्यंत जात, आभाळ न्याहाळत, विनाकारण खाकरत आणि पुन्हा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहत. एका जागी टिकतील तर शपथ!

त्या टेबलावर मी डोंगर करते. पुण्यातली काही मंडळी बोटाच्या पेराएवढे सैनिक मांडून, फासे टाकून लढाया खेळतात. त्यांना लागणारे किल्ले, खिंडी, झुडपं मी थर्माकोल, चाळलेली माती आणि लाकडाचा भुसा यांतून घडवते. पहिला किल्ला पाहून आबा म्हणाले होते, "लई देखना हाय गं. पर ह्याच्यावरनं शेरडू उतरंल कुठनं?" आणि पायथ्यापासून थेट तटापर्यंत त्यांनी नखाने एक वळणावळणाची वाट कोरली. कोरताना त्यांचा चेहरा असा निवळला, की मी तो किल्ला वाटेसकट पाठवून दिला. मग प्रत्येक डोंगराला त्यांची वाट आली.

गेल्या महिन्यात गिऱ्हाइकाचा फोन आला. "ताई, त्या मागच्या वाटेने शत्रू दोन डावांत वर पोचतो. किल्ला टिकतच नाही. बिनवाटेचा पाठवा." मला आधी हसूच फुटलं. आबा मात्र उखडले. "डोंगर हाय म्हनल्यावर वाट असनारच की! न्हाई तर त्यो डोंगर कशाचा?" आणि नव्या किल्ल्यावरही त्यांनी ती कोरलीच.

ते जेवायला बसले तेव्हा मी ती वाट पुट्टीने लिंपली, वर माती भुरभुरवली. हात धुऊन ते आले. बोट पायथ्याशी टेकवून सवयीने वर नेऊ लागले, आणि अर्ध्यावर थांबले. अंधारात काडेपेटी चाचपावी तसं ते बोट इकडेतिकडे फिरलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "बरं," एवढंच म्हणाले. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

आता माझे डोंगर बिनतक्रार जातात. रोज सकाळी मी थर्माकोलचा एक कोरा तुकडा आबांच्या शेजारी ठेवते आणि संध्याकाळी तसाच उचलते. मांडीवर हात ठेवून ते ऊन सरकलं तरी जागचे न हलता बसलेले असतात, आणि त्यांची जी चुळबुळ मला नकोशी व्हायची, तीच आता माझ्या जिवाला लागली आहे. मीच उठते, दारापर्यंत जाते, परत येते. काळ माणसाला घेऊन जातो असं म्हणतात खरं, पण माझ्या बापाला मी भर दुपारी, हातात पुट्टी घेऊन, घरातल्या घरात हरवून बसले.