तीनदा म्हणा

ही गोष्ट २००३ सालची, फेब्रुवारी संपत आला होता तेव्हाची. शुक्रवारी पहाटे राजारामपुरीतल्या आठव्या गल्लीत शालूबाई आवळे वारल्या आणि सकाळचे नऊ वाजायच्या आत अर्ध्या कोल्हापुराला कळलं. कळणारच. बाप्तिस्म्याचं नाव शलोमी, पण त्या नावानं त्यांना फक्त त्यांची आई हाक मारत असे. बाकी सगळ्यांच्या त्या शालूबाई. शाहूपुरीतल्या मिशनच्या शाळेत त्यांनी पस्तीस वर्षं तिसरी-चौथी शिकवली. बाप शिकून गेला, मग लेक शिकून गेला, आणि दोघांच्या कानावर एकच खडू फेकून मारलेला.

त्यांची शिकवायची एक रीत होती. शुद्धलेखनात चूक झाली की खोडायची नाही. तांबड्या पेन्सिलीनं खाली रेघ मारायची आणि बरोबर शब्द तीनदा म्हणायचा. चूक एकाची असली तरी म्हणायचा सगळ्या वर्गानं. बाई एकदा म्हणणार, वर्ग मागून म्हणणार, असं तीन वेळा. शाळा सुटली म्हणून माणूस सुटत नसे. शाहूपुरीत दादासो चौगुल्यांचं कापडाचं दुकान आहे. त्यांनी दारात ‘महत्त्वाची सुचना’ अशी पाटी लावली, तर बाईंनी पन्नाशीच्या त्या शेटजींना गिऱ्हाइकांसमोर उभं करून तीनदा ‘सूचना’ म्हणायला लावलं होतं. गिऱ्हाइकंही म्हणाली. त्यातली निम्मी बाईंच्याच हाताखालची.

आक्का हे सगळं बघत आल्या होत्या. आक्कांचं नाव रूथ, पण शाळेत आणि चर्चमध्ये त्या सगळ्यांच्या आक्काच. त्या पहिली-दुसरी शिकवायच्या. शाळेत शेजारचा वर्ग, चर्चमध्ये शेजारची जागा. चाळीस वर्षं दोघी एका बाकावर बसल्या, उजवीकडून तिसऱ्या.

त्या शुक्रवारी अकराच्या सुमारास एलिशा लोंढे आक्कांच्या दारात आला. चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी, वीस वर्षं झाली. अंगात कोट, हातात कागद.

‘‘सलाम आक्का.’’

‘‘सलाम. ये.’’

‘‘चार वाजता अंत्यविधी धरलाय. बाईंचा जीवनवृत्तांत लिहून आणलाय मी. वाचायचा तुम्हीच. आवाज अजून खणखणीत हाय तुमचा.’’

आमच्या मंडळीत ही पद्धत आहे. माणूस गेलं की त्याच्याबरोबर ज्यानं सगळ्यात जास्त वर्षं काम केलं त्यानं वृत्तांत वाचायचा. मग तो कागद मंडळीच्या रजिस्टरला लागतो, आणि कबरीच्या दगडावर काय कोरायचं तेही त्यावरूनच ठरतं. कागदात नाही ते दगडावर येत नाही.

आक्कांनी चष्मा लावला. जन्म, शिक्षण, नोकरी. ‘मंडळीच्या कार्यात त्यांचा मोलाचा वाटा होता. परमेश्वराचा आर्शिवाद त्यांच्यावर सदैव राहिला.’ आक्कांची नजर तिथं अडखळली. चौथीत असल्यापासून एलिशाचा ‘आशीर्वाद’ असाच होता. पुढं शेवटची ओळ होती. ‘त्या अविवाहित होत्या. त्यांना अपत्य नव्हते.’

‘‘संघप्रिया?’’ आक्का म्हणाल्या.

‘‘ती काय मुलगी न्हवं त्यांची.’’

‘‘मग कोण?’’

‘‘घरात ठेवलेली पोरगी. दत्तकपत्र न्हाय, बाप्तिस्मा न्हाय. कमिटीत बोलणं झालंय. मिरजेचा पुतण्या निघालाय, पहिली मूठमाती तो देईल. आणि आक्का, ती स्वतःच कधी आई म्हणत न्हाय की. ‘बाई’ म्हणती.’’

‘‘तू तुझ्या बापाला काय म्हणायचास रे?’’

‘‘दादा.’’

‘‘म्हणजे ते तुझे भाऊ झाले काय?’’

एलिशा गोरामोरा झाला. पण कागद तिथंच ठेवून, ‘‘जेवढं लिहिलंय तेवढंच वाचा,’’ असं सांगून गेला.

आक्का कागद मांडीवर घेऊन बसून राहिल्या. एलिशाचा राग आला होता, पण त्याहून जास्त स्वतःचा आला होता. त्याला कारण होतं.

१९९१ साली शाळेची शिपाईबाई बयाबाई आजारी पडली. बौद्धवाड्यातली, नवरा आधीच गेलेला, पदरात पाच वर्षांची पोर. सरकारी दवाखान्यात शालूबाई रोज डबा घेऊन जायच्या, आक्का सोबत असायच्या. शेवटच्या दिवशी बयाबाईनं शालूबाईंचा हात धरला. ‘‘बाई, पोरगी तुमच्या पदरात घ्या. शिकवा. पर तिचं नाव बदलू नका. तिच्या बापानं ठेवलंय ते.’’ शालूबाई म्हणाल्या, ‘‘नाव बदलणार नाही. धर्मही बदलणार नाही. शब्द दिला.’’ हे ऐकायला खाटेशी तिसरं माणूस एकच होतं, आक्का.

शालूबाईंनी शब्द पाळला तो असा, की भल्याभल्यांना जमलं नसतं. रविवारी स्वतः उपासनेला, एक रविवार चुकला नाही. आणि चौदा एप्रिलला पोरीला पांढरा फ्रॉक घालून, तिचा हात धरून बिंदू चौकात. घरात मेणबत्त्यांचा एकच खोका. नाताळला त्यातल्याच, वैशाख पौर्णिमेला बुद्धाच्या तसबिरीपुढंही त्यातल्याच. पोरगी रविवारी बाईंबरोबर चर्चपर्यंत यायची आणि बाहेर पायरीवर पुस्तक घेऊन बसायची. पुढं पुढं आतली गाणी तिला आतल्यांपेक्षा चांगली पाठ झाली होती.

मंडळीला हे रुचलं नाही. १९९६ साली कमिटीनं शालूबाईंना बोलावलं. चर्चच्या मागच्या खोलीत सातजण बसले होते, त्यात आक्काही होत्या. एलिशा म्हणाला, ‘‘ज्या बाईनं घरातली पोरगी प्रभूकडं आणली न्हाय, ती आमच्या पोरांना रविवारच्या शब्बाथशाळेत काय शिकवणार?’’

‘‘‘न्हाय’ नव्हे एलिशा, ‘नाही’,’’ शालूबाई शांतपणे म्हणाल्या. ‘‘आणि देवाला ती हवी असेल तर तो स्वतः हाक मारील. बायबलातल्या लहानग्या शमुवेलाला मारली तशी. मी आड येणार नाही. पण मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडून मी देवापुढं कोणतं तोंड घेऊन उभी राहू?’’

‘‘शब्द दिला ह्याला साक्षीदार कोण?’’

शालूबाईंनी आक्कांकडं बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, आक्कांना कळलं ते. आक्कांचे यजमान तेव्हा कमिटीचे खजिनदार होते, थोरल्या मुलीचं लग्न ह्याच मंडळीत ठरत होतं. आक्कांनी मान खाली घातली आणि बोटातली अंगठी फिरवत बसल्या. शालूबाईंनी शब्बाथशाळेच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून गेल्या. पुढच्या रविवारी त्या उजवीकडून तिसऱ्या बाकावर हजर होत्या. आक्का आल्या तसं सरकून जागा दिली, गीतांचं पुस्तक दोघींच्या मध्ये धरलं. त्या दिवसाबद्दल एक शब्द कधी काढला नाही. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आक्कांना सात वर्षं वाटत होतं.

चार वाजता चर्च गच्च भरलं. आत मंडळी, बाहेर पटांगणात बाकीचं कोल्हापूर. दादासो चौगुले होते, रिक्षावाले होते, दोन डॉक्टर, एक फौजदार. चर्चचे पाळक नवे होते, तरुण, सोलापूरकडून आलेले, त्यांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. मिरजेचा पुतण्या, सुधाकर, पहिल्या बाकावर घाम पुसत बसला होता. आणि संघप्रिया पायरीवर. सतरा वर्षांची, पुढच्या आठवड्यात बारावीचा पहिला पेपर. तिला कोणी आत ये म्हटलं नव्हतं, आणि तीही सवयीनं तिथंच बसली होती, फक्त आज हातात पुस्तक नव्हतं.

आक्कांना जाताना ती दिसली. ‘‘ऊठ.’’

‘‘असू दे आक्का. मी इथं बरी आहे.’’

‘‘उठतेस का कान धरू?’’

ती उठली. आक्कांनी तिला हाताला धरून आत नेलं आणि तिसऱ्या बाकावर शालूबाईंच्या जागेवर बसवलं. कुजबूज झाली. आक्कांनी मागं वळून बघितलं तशी थांबली.

गाणं झालं, शास्त्रपाठ झाला, पाळकांनी आक्कांना खूण केली. त्या पुढं उभ्या राहिल्या. एका हातात कागद, दुसऱ्या हातात तांबडी पेन्सिल. जन्म वाचला, शिक्षण वाचलं, नोकरी वाचली. मग थांबल्या.

‘‘इथं एक चूक आहे,’’ आक्का म्हणाल्या आणि सगळ्यांना दिसेल अशी पेन्सिलीनं रेघ मारली. ‘‘‘आर्शिवाद’ लिहिलंय. शालूबाईंच्या वृत्तांतात हे चालायचं नाही. आशीर्वाद.’’

 मग मागच्या बाकावरून एक म्हातारा आवाज आला, ‘‘आशीर्वाद.’’ त्यापाठोपाठ पाचपन्नास आवाज आले. आक्का पुन्हा म्हणाल्या, चर्च पुन्हा म्हणालं. तिसऱ्या वेळेला बाहेरचं पटांगणही म्हणालं. रडता रडता लोक हसायला लागले. एलिशाचे कान लाल झाले होते, पण तोंड हललं होतं.

‘‘आता दुसरी चूक,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘‘त्यांना अपत्य नव्हते.’’’

एलिशा उठून उभा राहिला. ‘‘आक्का, कागदावर हाय तेवढंच वाचायचं ठरलंय.’’

‘‘बस खाली. ठरवताना एकदा मी गप्प बसले होते. शालूबाईंनी बयाबाईला शब्द दिला तेव्हा खाटेजवळ मी उभी होते. माझ्या कानांनी ऐकलं. कमिटीनं साक्षीदार विचारला तेव्हा मी अंगठी फिरवत बसले. सात वर्षं त्या बाईनं मला बाकावर जागा दिली आणि मी बेशरमासारखी बसले. ते पाप माझं आहे, त्याचं मी देवाशी बघेन. पण हा कागद रजिस्टरला लागणार आहे, आणि खोटा लागायचा नाही.’’ त्यांनी रेघ मारली. कागद फाटला इतक्या जोरात मारली. मग चाळीस वर्षं दुसरीच्या वर्गापुढं उभ्या राहायच्या तशा उभ्या राहिल्या आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या,

‘‘शालूबाईंना एक मुलगी आहे.’’

आता माणसानं विचार केला असता तर कदाचित गप्प राहिला असता. पण तो आवाज, ती चाल, तो वाक्याच्या शेवटी घेतलेला श्वास, ह्यांच्यापुढं विचार करायची ह्या लोकांना सवयच नव्हती. तिसरीत असताना लागलेलं वळण ते.

‘‘शालूबाईंना एक मुलगी आहे,’’ चर्च म्हणालं.

‘‘तिचं नाव संघप्रिया.’’

‘‘तिचं नाव संघप्रिया.’’

दुसऱ्या वेळेला पेटीवाल्यानंही म्हटलं. तिसऱ्या वेळेला कमिटीचा पहिला बाक म्हणत होता, आणि एलिशा लोंढे उभ्या उभ्या, कोटाचं बटण घट्ट धरून, अख्खं वाक्य म्हणून गेला. म्हणून झाल्यावर त्यानं असं तोंड केलं, जणू कोणीतरी त्याच्या खिशात हात घालून ते काढून नेलं होतं. संघप्रिया तिसऱ्या बाकावर ताठ बसली होती. डोळे वाहत होते, ते पुसायला तिनं हात उचलला नाही.

कबरस्थानात पाळकांनी प्रार्थना केली आणि सुधाकरकडं बघितलं. सुधाकर मातीपर्यंत गेला, वाकला, आणि तसाच मागं सरकला.

‘‘काय झालं?’’ एलिशानं दबक्या आवाजात विचारलं.

‘‘तीनदा म्हटलंय न्हवं मी? पुतण्या मुलीच्या आधी टाकत न्हाय माती.’’ आणि त्यानं संघप्रियाला वाट करून दिली.

ती पुढं झाली. मूठभर माती घेतली, कपाळाला लावली. मग बुद्धवंदनेला जोडते तसे हात जोडून, मोठ्यानं म्हणाली, ‘‘येते बाई.’’ रोज शाळेला निघताना म्हणायची तसं. आई नाही, बाईच. आणि कोणाला त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

त्यानंतर महिन्याभरात आक्कांना कमिटीचं बोलावणं आलं. मागच्या त्याच खोलीत त्या गेल्या. माफी मागावी असं म्हणणं पडलं. ‘‘काय मागायची ते लिहून द्या,’’ आक्का म्हणाल्या, ‘‘तपासून देते.’’ कोणी लिहून दिलं नाही.

सुधाकर मिरजेला परतला. दर नाताळला संघप्रियाला साडी पाठवत राहिला, पाकिटावर ‘बहिणीस’ असं लिहून. तरुण पाळकांची दोन वर्षांनी बदली झाली. जाताना त्यांनी रजिस्टर उघडून तो फाटलेला कागद नीट चिकटवला आणि खाली सही केली. एलिशा आणखी चार वर्षं सेक्रेटरी राहिला. दगडाचा मजकूर त्यानंच लिहिला, पण पाथरवटाकडं न्यायच्या आधी कागद घेऊन आक्कांच्या दारात आला आणि पुढं केला. ‘शलोमी आवळे, शिक्षिका. संघप्रियाची आई. परमेश्वराचा आशीर्वाद.’ आक्कांनी दोनदा वाचलं. रेघ मारायला जागा नव्हती.

संघप्रियानं बारावीचे सगळे पेपर दिले, डी.एड. केलं, आणि चंदगड तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. पावसाळ्यात एस.टी. पोचत नाही तिथं शेवटचं अंतर चालत जाते. तिच्या वर्गाचा आवाज काजूच्या बागेपर्यंत ऐकू येतो म्हणतात, तीन-तीनदा. सुट्टीत कोल्हापूरला आली की रविवारी ती चर्चच्या पायरीवर जाऊन बसते. आत ये म्हणणारे आता पुष्कळ आहेत. ती हसते आणि ‘‘इथंच बरं ऐकू येतं’’ म्हणते.

आक्का ऐंशीच्या पुढं गेल्या. गुडघे गेलेत, त्यामुळं त्या आत, तिसऱ्या बाकापर्यंत जात नाहीत. पायरीवर, तिच्या शेजारी बसतात. गीतांचं पुस्तक दोघींच्या मध्ये धरलेलं असतं.