खर्जाच्या तारा

मला कूलरचा राग येतो. नागपुरात असं बोललं तर लोक वेड्यात काढतात, पण मी पियानो दुरुस्त करतो. धरमपेठेत देवरावसरांच्या खोलीत शिरलो, तर कूलरचं तोंड थेट पियानोवर रोखलेलं.

"बाबा दिवसभर तिथंच बसून राह्यते," त्यांची मुलगी नंदिनी म्हणाली. "त्याईले गरम होऊ नये म्हणून ठेवला."

मला वाजवायला शिकवलं ते सरांनीच. त्यांचे कान वरच्या सुरांपासून जात गेले. आधी दाराची घंटा गेली, मग नंदिनीचा आवाज. बोलणं पाटीवर आलं. उरला होता फक्त खर्ज, म्हणून ते डावीकडच्या पट्ट्या दाबत बसायचे. या उन्हाळ्यात तोही विझला.

"धम्मा, खरं सांग गा," सर म्हणाले. "तारा मेल्या, का माझे कान?"

पट्ट्या दाबून पाहिल्या. मडक्यावर थाप मारावी तसा आवाज. एखाद्याच तारेचा आवाज बसला असता, तर मी तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी घोडी तडकली का ते पाहिलं असतं. इथं सगळाच खर्ज मेलेला. झाकण काढलं, तर तारांवर गुंडाळलेलं तांबं हिरवं पडलं होतं. कूलरची ओल, दुसरं काय! मी नंदिनीवर चिडलोच.

"म्हणजे माह्यामुळं झालं?" ती म्हणाली. "मग बाबाचे कान ठीक हायेत!" स्वतःची चूक निघाली म्हणून इतकं हरखलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

सगळ्यात जाड तार सैल करून काढली, हातात वाकवून वाकवून चोळली. हिरवी भुकटी गळली. मग वेटोळ्यांच्या दिशेनं एक पीळ देऊन परत चढवली, ताणली आणि पट्टी दाबली. तार अशी घुमली की माझ्याच अंगावर काटा आला. नंदिनी रडायलाच लागली.

सरांचा चेहरा मात्र हलला नाही. त्यांनी स्वतः पट्टी दाबली. पुन्हा दाबली. मग दुसरा हात पियानोच्या लाकडावर ठेवला आणि तसाच धरून राहिले. लाकूड थरथरत होतं. त्यांना सगळं कळलं, हे मला दिसलं.

नंदिनीनं घाईघाईत पाटीवर लिहिलं : बाबा, तार अजून मेलेलीच आहे.

सरांनी वाचलं. लाकडावरचा हात काढला नाही.

"हो वं माय," ते म्हणाले, "तारच मेली."