हिमोढ

अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचं काम बाई अकरा वर्षं करत होत्या. दिवसभर टपाल कचेरीची खिडकी, तिथून सुटल्या की वाचनालयाच्या माळ्यावरच्या बंद खोलीत दोन तास. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. त्याच्याजवळ नणंद सातपर्यंत थांबायची.

त्या दिवशी खोलीत एक मुलगी बसली होती, मांडीवर पांढरी काठी घडी करून. "कोण गं?" बाईंनी विचारलं.

"भूशास्त्राचं पुस्तक तुम्हीच वाचलंय ना? आवाज ओळखला मी," ती म्हणाली. "तोंडी परीक्षेत मी हिम-ओढ म्हटलं. परीक्षक म्हणाले, तुला बर्फाची ओढ कधीपासून लागली? सगळे हसले. गुणही गेले."

"मग कसं म्हणायचं?"

"हि-मोढ. हिम अधिक ऊढ. ऊढ म्हणजे वाहून आणलेलं. हिमनदी दगडगोटे आणते आणि वितळली की टाकून देते, तो ढीग."

बाईंचं अंग आंबून गेलं होतं. "एवढ्याशा फरकानं काय होतं गं?" त्या बोलून गेल्या.

"तुम्हाला शब्द दिसतो," मुलगी शांतपणे म्हणाली. "मला तुम्ही म्हणाल तसाच कळतो."

बाईंनी कपाटातून ते पुस्तक काढलं. ते प्रकरण वाचलं तो आठवडा त्यांना आठवला. नवरा न्हाणीघरात पडला होता, आणि त्यांचा अर्धा जीव घड्याळात होता. शब्द अडला तेव्हा कुणाला विचारायचंही सुचलं नव्हतं.

"हा शब्द अडतीस ठिकाणी आहे," शेजारी संगणकाशी बसलेला ध्वनिमुद्रण करणारा पडद्यावर पाहत म्हणाला. "पार्श्वहिमोढ, मध्यहिमोढ, अंत्यहिमोढ. नुसता तुकडा बदलून भागणार नाही. राहू द्या बाई, कोण ऐकतंय एवढं बारकाईनं..." आणि मुलीकडे पाहून त्यानं जीभ चावली.

मुलीचे गेलेले गुण परत येणार नव्हते. पण पुढच्या वर्षी तिची मैत्रीण हेच पुस्तक ऐकणार होती. बाईंनी नणंदेला फोन लावला.

"वन्सं, आज तासभर जास्त थांबाल?"

"रोजचंच झालंय, वहिनी. थांबते."

वाचन सुरू झालं. जुनी सवय जिभेवरून उतरेना. चूक झाली की काचेपलीकडे बसलेली मुलगी काचेवर टकटक करायची आणि बाई ते वाक्य पहिल्यापासून घ्यायच्या. सात-आठ वेळा अडखळल्यावर शब्द तोंडात बसला. शेवटच्या पानावर मात्र घसा बसला.

"आवाज दमल्यासारखा येतोय का गं?"

"येतोय. चालेल. मी पण दमूनच ऐकत असते."

घरी पोचल्या तेव्हा नणंद दारातच होती, चपला घालून. बाई आत शिरताच निघून गेली. बाई खाटेच्या कडेला टेकल्या.

"एवढा वेळ?" नवऱ्यानं विचारलं.

"एक शब्द चुकला होता."

"एकच?"

"एकच," त्या म्हणाल्या आणि त्याला कुशीवर वळवायला उठल्या.