गार भुई

षड्रिपूंच्या गणनेत मत्सर शेवटी येतो. परंतु सोनिवलीच्या पुतळाबाईच्या घरात त्या वैशाखात तो सर्वांच्या आधी जागा होई आणि सर्वांच्या मागून निजे. निमित्त होते भुऱ्या नावाच्या कुत्र्याचे.

डोळेही न उघडलेले ते पोरके पिल्लू पुतळाबाईने पदरात घालून आणले होते आणि कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगविले होते. दोन्ही लेकी सासरी गेल्यावर तिच्या हाकेसरशी धावत येणारा घरात तेवढा एकच जीव उरला. पण ऊन तापू लागले तसा भुऱ्या जेवण तेवढे तिच्या दारी करी आणि दुपारभर कुंपणापलीकडे धाकट्या जावेच्या, अंजनीच्या पडवीत पसरे. जमीन बिल्डरला गेल्यावर पुतळाबाईच्या नवऱ्याने, सख्याने, स्लॅबचे घर बांधले होते आणि मागे पत्र्याची शेड घातली होती. धाकटीचे घर अजून कौलारू, शेणाने सारवलेले, आंब्याच्या सावलीत होते. कुत्र्याला कळत होता तो भुईचा गारवा. पुतळाबाईला दिसत होता तो अंजनीचा डाव. सुकट चारून तिने आपला कुत्रा फितवला, असे ती विहिरीवर चारचौघींत बोललीही.

अंजनीने कळशी खाली ठेवून शांतपणे उत्तर दिले, "अक्का, मी कशाला बोलवू त्याला? तुमच्या घरात माणूस शिजतो, तिथे तो तर अंगभर केसांचा."

बायका हसल्या. ते हसू पुतळाबाईच्या काळजात काट्यासारखे रुतून बसले.

दुसऱ्याच दिवशी बदलापूर गावात हळदीला जायचे होते. निघताना तिने भुऱ्याला मागच्या शेडमध्ये साखळीने बांधले आणि पुढ्यात पाण्याची हलकी जर्मनची ताटली ठेवली. आज तरी हा त्या दारी जाणार नाही, या समाधानात तिने मांडवात दोन घास अधिकच खाल्ले.

परतली तेव्हा दुपार कलली होती. ताटली उपडी पडली होती. भुऱ्या आडवा होऊन भात्यासारखा धापत होता. जीभ लालभडक, तोंडाला चिकट लाळ. तिने हाक मारली तसा तो उठला, पाय फाकले आणि पुन्हा कोसळला. तिने नळ सोडला. स्लॅबवरच्या काळ्या टाकीतले पाणी हाताला चटका देत आले. पंख्याचे बटण दाबले. वीज भारनियमनात गेली होती. तेच गरम पाणी गोणपाटावर ओतून तिने ते त्याच्या अंगावर पांघरले आणि माणसाला ऊन लागल्यावर करतात तसा कांदा किसायला घेतला. कुंपणापलीकडे रांजण होता, विहीर होती, सावली होती. ती पाहत होती आणि पाहूनही पाय उचलत नव्हता. तिथे नेले तर तो कायमचा अंजनीचा होईल, हा एकच विचार तिच्या मनात फेर धरून राहिला.

भुऱ्याने हिरवट ओकारी केली. मान लुळी पडली.

तेव्हा मात्र तिने किसणी फेकली, कुत्र्याला पोटाशी कवटाळले आणि कुंपणाच्या खिंडीतून जावेच्या पडवीत शिरली. "अंजने, पाणी," एवढेच ती म्हणाली.

अंजनी धावत आली. गोणपाट तिने बाजूला सारले. गेल्या साली म्हशीला ऊन लागले तेव्हा, ओले पांघरूण आतली धग कोंडून ठेवते, असे डॉक्टरांनी तिला बजावले होते. रांजणातले पाणी तिने पोटावर, जांघेत, पंजांवर संथ धारेने ओतत ठेवले आणि पुतळाबाईच्या हाती सूप दिले. थोरली वारा घालू लागली. तोंडात पाणी घालायला तिचा हात पुढे झाला, तो धाकटीने धरला. शुद्ध नसता पाजले तर ते छातीत जाईल. त्या धरणाऱ्या हाताचाही पुतळाबाईला हेवा वाटला. एवढे हिलाच का ठाऊक असावे?

धाप थोडी उतरताच अंजनीच्या नवऱ्याने, रूपेशने, रिक्षा काढली. वाटेतही दोघी ओल्या फडक्याने पंजे पुसत होत्या. डॉक्टरांनी सलाईन लावले, रात्रभर ठेवून घेतले. सकाळी ते म्हणाले की वेळेत थंड केले म्हणून वाचला. मात्र एकदा ऊन लागलेल्या जनावराला ते पुन्हा लवकर लागते. पत्र्याखाली बांधायचे नाही, पाणी सांडणार नाही अशा जड भांड्यात ठेवायचे, फिरवायचे ते पहाटे. मग सहज विचारले, "दुपारी राहायला गार जागा आहे ना घरी?"

पुतळाबाईने खाली पाहिले. "जावेकडे आहे," ती म्हणाली. हे दोन शब्द काढताना तिला आपले मूलच दत्तक देत असल्यासारखे झाले.

त्या दिवसापासून दुपार झाली की पुतळाबाई तांदूळ निवडायचे सूप घेऊन धाकटीच्या पडवीत येऊन बसे. बोलणे बेताचेच. एकदा अंजनीचा हात भुऱ्याच्या पाठीवरून फिरला आणि त्याने डोळे मिटून शेपूट हलवले. पुतळाबाईचे निवडणे थांबले.

"अक्का, जळू नका," अंजनी हसून म्हणाली. "या, इकडे सरका."

पुतळाबाई सरकली, पण कुत्र्याचे डोके आपल्याच मांडीवर येईल, एवढे बेताने पाहूनच.